एज्युकेशनल टेक्नॉलॉजीत एम.ए. करावं का? दोन वर्षं करून झाल्यावर सांगते (कोल्हापूर भागातल्या शिक्षकांसाठी)

गेल्या दोन महिन्यांत पाच-सहा जणांनी फोन करून एकच विचारलं, मॅडम ते एज्युकेशनल टेक्नॉलॉजीचं एम.ए. करू का, त्याचा काय उपयोग. प्रत्येकाला अर्धा अर्धा तास सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. मोठं होईल पण ज्याला खरंच ॲडमिशन घ्यायचंय त्यानं पूर्ण वाचा, कारण यात पैसे थोडे जातात पण रविवार लई जातात.

मी जिल्हा परिषदेची विषय शिक्षिका, सहावी ते आठवीला गणित-विज्ञान. शाळा शाहूवाडी तालुक्यात बांबवड्याच्या पुढं, राहायला कोल्हापुरात, रोज एसटीनं येऊन जाऊन. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनी केलं तेच मीपण केलं, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवायचे, पालकांचा अंगठा यायचा, आणि पोरगं शिकलं का नाही हे कुणालाच माहीत नाही. तेव्हा डोक्यात बसलं की हे नीट शिकायला पाहिजे, नुसती लिंक फॉरवर्ड करणं म्हणजे शिकवणं नव्हे. म्हणून २०२१ ला मुक्त पद्धतीनं एम.ए. एज्युकेशनला प्रवेश घेतला आणि स्पेशलायझेशन एज्युकेशनल टेक्नॉलॉजी. २०२३ ला पूर्ण झालं. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण ज्या अडचणी सांगणार आहे त्या दुसरीकडं शिकणाऱ्यांकडूनही ऐकल्यात, एकट्याला कशाला धरायचं.

आधी सगळ्यात जास्त गोंधळ होतो ते. एम.ए. एज्युकेशन म्हणजे एम.एड. नाही. एम.एड. ही व्यावसायिक पदवी, एनसीटीईच्या (शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम करणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या) नियमानं चालणारी, २०१५ पासून दोन वर्षांची झाली, रेग्युलर हजेरी लावून करायची. डी.एड., बी.एड. कॉलेजला शिकवायचं मनात असेल तर एम.ए. करून एम.एड.चं काम भागेल असं धरून चालू नका, माझ्याबरोबरच्या एका ताईंना हे दुसऱ्या वर्षी कळलं आणि त्या अक्षरशः रडल्या. नेट (कॉलेजात प्राध्यापक व्हायला लागणारी पात्रता परीक्षा) द्यायची असेल तर मात्र उपयोग होतो, शिक्षणशास्त्राच्या पेपरात तंत्रज्ञानावर वेगळं युनिटच आहे, ते तुमचं आपोआप तयार होतं.

आता अभ्यासाचं. पहिलं वर्ष शिक्षणशास्त्राचंच, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र, संशोधन पद्धती. ज्यांनी बी.एड. मनापासून केलंय त्यांना निम्मं ओळखीचं वाटेल. खरा विषय दुसऱ्या वर्षी सुरू होतो आणि तिथं पहिलाच धक्का बसला तो हा की तंत्रज्ञान म्हणजे मशीन असं समजून मी आले होते आणि पुस्तक म्हणतंय तंत्रज्ञान म्हणजे पद्धत. डी.एड.ला आपण 'क्रमान्वित अध्ययन' पाठ केलं होतं आठवतंय का, टीप लिहा, पाच मार्क. ते कुठून आलं ते इथं समजलं. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात शिकवण्याचं यंत्र केलं, पण त्या यंत्रात महत्त्वाचं यंत्र नव्हतंच, महत्त्वाचं होतं ते मजकुराचे छोटे छोटे तुकडे करणं, प्रत्येक तुकड्यानंतर मुलानं काहीतरी उत्तर देणं आणि बरोबर का चूक ते लगेच कळणं. मग क्राउडर नावाचा दुसरा अभ्यासक आला, त्यानं म्हटलं मूल चुकलं तर ते कुठं चुकलं त्याप्रमाणं त्याला वेगळ्या पानावर पाठवा. आज मोबाईलवरच्या क्विझ ॲपमध्ये हेच चालतं. हे वाचताना मला एवढा आनंद झाला की एसटीत मलकापूरला जाणाऱ्या शेजारच्या बाईंना सांगत सुटले.

भारताचा भाग पण फार सुंदर आहे, आणि दुर्दैवानं पुस्तकात तो थोडक्यात उरकलाय. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६, इस्रोनं अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत टीव्ही पोचवला, साइट नावाचा प्रयोग. विचार करा, ज्या गावात त्याआधी टीव्ही कुणी बघितला नव्हता तिथं पोरं शाळेत टीव्हीवर विज्ञान बघत होती. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. आपल्याकडं १९८४ ला पुण्यात बालचित्रवाणी आली. आमच्या पिढीला ते नाव घेतलं की गलबलून येतं, लहानपणी दूरदर्शनवर ते लागलं की आम्ही भावंडं एकमेकांना हाक मारून बोलवायचो. २०१७ ला ती संस्था बंद झाली. अभ्यासात हे वाचलं त्या दिवशी वाईट वाटलं, मराठीतून मुलांसाठी कार्यक्रम करणारी एवढी जुनी शासकीय संस्था गेली आणि तिथल्या लोकांनी काय शिकलं, कुठला प्रयोग फसला, कुठला चालला, हे मराठीत एका ठिकाणी वाचायला मिळावं असं मनापासून वाटतं. २०१७ लाच दीक्षा हे शाळांसाठीचं सरकारी ॲप आलं, ऑनलाइन कोर्सचं स्वयम् पोर्टल आलं, पुढं पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड सगळीकडं दिसायला लागले. क्यूआर कोडचं नाव निघालं की सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव येणारच, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला तेव्हा आमच्या स्टाफ रूममध्ये पेढे वाटले होते.

सगळ्यात उपयोगी पडलं ते शिकवण्याची आखणी कशी करायची ते सांगणारं ॲडी मॉडेल. विश्लेषण, रचना, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन, या पाच पायऱ्या. १९७५ साली फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकन सैन्याच्या ट्रेनिंगसाठी हे तयार झालं. आमच्या बॅचला गडहिंग्लजकडचे एक माजी सैनिक होते, आता एका अकॅडमीत शिकवतात, ते संपर्क सत्रात, म्हणजे रविवारच्या प्रत्यक्ष वर्गात, उठून म्हणाले, "मॅडम, रायफल खोलायला शिकवताना आम्ही हेच करायचो की, आधी जवान कुठं अडखळतो ते बघायचं, मग शिकवायचं." सगळा वर्ग एकदम जागा झाला. सत्र घेणारे सर पण हुशार, त्यांनी पुस्तक मिटलं आणि तासभर प्रत्येकाला विचारलं, तुमचा विद्यार्थी कुठं अडखळतो. एक नर्सिंग कॉलेजच्या मॅडम होत्या, त्या सलाइनच्या थेंबांच्या हिशोबाबद्दल बोलल्या. दोन वर्षांत जी काही संपर्क सत्रं झाली त्यातलं हे एक सत्र मी कधी विसरणार नाही. बाकीची बरीचशी सत्रं म्हणजे पुस्तकातलं वाचून दाखवणं, आणि तीन वेळा रविवारी सकाळी जाऊन सत्र रद्द झाल्याचं दारावर कळलं. लांबून गारगोटी, आजऱ्याहून माणसं आलेली असायची. एक मेसेज टाकायला काय जातं हो.

आता माझ्या वर्गातलं सांगते, कारण डिग्रीचं मोल मला तिथंच कळलं.

सहावीला अपूर्णांकांची बेरीज. १/२ + १/३, पोरं लिहितात २/५. दरवर्षी. मी दरवर्षी छेद समान करायची रीत परत शिकवायची, दोन दिवस बरोबर यायचं, चाचणीत परत २/५. लॉकडाऊनमध्ये यावर मी एक व्हिडिओ केला होता, मागं बासरीचं म्युझिक, उडणारे आकडे, स्क्रीनवर सगळं लिहिलेलं आणि तेच मी वाचून दाखवतेय. सगळ्यांनी लई छान म्हटलं, आसपासच्या शाळांच्या केंद्रात पण कौतुक झालं. शिकलं कुणी नाही. मग कोर्समध्ये रिचर्ड मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची बहुमाध्यमाची (मल्टिमीडियाची) तत्त्वं आली. तो म्हणतो विनाकारण घातलेलं संगीत आणि सजावट शिकण्याच्या आड येते, जे बोलताय तेच शब्दशः स्क्रीनवर लिहू नका कारण मुलाचं डोकं दोन्हीकडं ओढलं जातं, आणि मोठा व्हिडिओ तोडून तुकडे करा. माझ्या व्हिडिओत नेमक्या याच चुका होत्या, एकूण एक.

पण व्हिडिओ दुरुस्त करायच्या आधी विश्लेषण करायचं असं मॉडेल सांगतं, म्हणून मी एका पोराला फळ्याजवळ बोलवलं. त्यानं २/५ लिहिलं. म्हटलं कसं केलंस, तर म्हणाला, "बाई, वरचे वर मिळवले, खालचे खाली." मी कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या दिल्या. एकीला मधोमध घडी घाल, दुसरीचे पाच भाग कर आणि त्यातले दोन रंगव. त्यानं रंगवलं, दोन्ही पट्ट्या एकाखाली एक धरल्या आणि गप्प झाला. मग म्हणाला, "बाई, हे तर अर्ध्यापेक्षा कमी हाय." मी काही बोलले नाही. "म्हणजे अर्ध्यात मिळवलं आणि कमी झालं?" मागच्या बाकावरची पोरगी ओरडली, आरं मग चुकलंय की ते!

इतकी वर्षं मी रीत शिकवत होते आणि अडचण रीतीत नव्हतीच, अपूर्णांक हा एक आकडा आहे, त्याला मोठा-लहानपणा आहे, हेच पोरांच्या डोक्यात नव्हतं, त्यांना ते वर-खाली लिहिलेले दोन वेगळे आकडे दिसत होते. नवीन व्हिडिओ केला तो याच प्रश्नानं सुरू केला, मिळवल्यावर कमी कसं झालं, आणि तिथं थांबवला. म्युझिक नाही, लेखन नाही, फक्त दोन पट्ट्या आणि माझा आवाज, तीन छोटे तुकडे. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही आहे शाळेत, त्यावर दाखवला, प्रत्येक तुकड्यानंतर बंद करून पोरांना पट्ट्या करायला लावल्या. यावेळी चाचणीत २/५ लिहिणारी पोरं बोटावर मोजण्याइतकी राहिली. हे मला त्या कोर्सनं दिलं आणि यासाठी मी त्याची कायम ऋणी आहे.

आता एक गोष्ट जी प्रत्येक प्रशिक्षणाच्या पीपीटीत असते. एडगर डेलचा अनुभवांचा शंकू, म्हणजे प्रत्यक्ष करण्यापासून नुसत्या शब्दांपर्यंत शिकण्याचे अनुभव ओळीनं दाखवणारी आकृती, आणि शेजारी टक्के, वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, बघितलेलं ३० टक्के, वगैरे. डेलनं १९४६ ला शंकू मांडला हे खरं, पण त्यात टक्के नव्हतेच, ते नंतर कुणीतरी चिकटवलेत आणि त्यामागं संशोधन नाही. मला हे संदर्भ शोधताना कळलं आणि गंमत नाही सांगत, खूप अस्वस्थ झाले, कारण मी स्वतः हा तक्ता फ्लेक्स करून वर्गात लावला होता. दुसऱ्याच दिवशी काढला. तुमच्या शाळेत असेल तर कृपया काढा.

अजून एक वाद आहे जो प्रत्येक शाळेनं टॅब विकत घ्यायच्या आधी वाचावा. रिचर्ड क्लार्क नावाचा संशोधक १९८३ ला म्हणाला की माध्यम ही नुसती गाडी आहे, किराणा ज्या गाडीतून येतो तिच्यामुळं आपलं पोषण बदलत नाही, तसंच टीव्हीनं शिकवलं की फळ्यावर याला महत्त्व नाही, शिकवण्याची पद्धत महत्त्वाची. कोझ्मा नावाच्या दुसऱ्या संशोधकानं त्याला विरोध केला, काही माध्यमांत अशा गोष्टी करता येतात ज्या दुसरीकडं जमतच नाहीत. माझं मत बरंचसं क्लार्ककडं झुकतं. पण विज्ञानाच्या तासाला कोलोराडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स (स्क्रीनवर करायचे प्रयोग) आहेत ना, फुकट, बरीचशी मराठीत पण आहेत, त्यात सर्किट जोडताना पोरं तार बदलून बघतात, सेल वाढवून बघतात, बल्ब जास्त पेटतो का बघतात, आणि काही जळत नाही, तेव्हा कोझ्मा पण आठवतो. अशा प्रश्नांवर विचार करायला लावणारी डिग्री आहे ही, याबद्दल पूर्ण मार्क.

आता नाराजी. पुस्तकं जुनी. ओव्हरहेड प्रोजेक्टर आणि ट्रान्सपरन्सी कशी करायची यावर पानंच्या पानं, आणि स्मार्टफोनवर जवळजवळ काही नाही. मिश्रा आणि कोहलर यांचं २००६ चं टीपॅक, म्हणजे विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्रज्ञानाचं ज्ञान एकत्र कसं यायला पाहिजे, जे आज जगभर वापरतात, ते मला बाहेरून वाचावं लागलं. पुस्तकांचा पहिला गठ्ठा चार महिन्यांनी आला, ते साल महापुराचं होतं, रत्नागिरी रोड बंद, घरी पाणी नव्हतं आलं पण मन कशात लागत नव्हतं, तरी चार महिने म्हणजे फार झाले. स्वाध्याय हातानं लिहून द्यायचे. तंत्रज्ञानातलं एम.ए. आणि मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरवर) एक कोर्स बनवून दाखवा असं कुणी म्हटलं नाही, फुलस्केपवर पानं भरा आणि पोस्टानं पाठवा. परीक्षा तीन तास, पाठांतर. पाच पायऱ्या ओळीनं लिहिता आल्या की मार्क, त्या वापरता येतात का हे कुणी बघत नाही. शिकवण्याच्या पद्धतीबद्दलचा विषय आणि तोच असा शिकवायचा, याचं मला मनापासून दुःख झालं. आणि सगळं साहित्य इंग्रजीत, मराठीत उत्तरं लिहायला परवानगी असली तरी मराठीत धड पुस्तक नाही. मी स्वतःची शब्दसूची केली, अनुदेशन म्हणजे इन्स्ट्रक्शन, प्रणाली उपागम म्हणजे सिस्टिम्स ॲप्रोच, प्रत्याभरण म्हणजे फीडबॅक, असं करत करत वहीच भरली.

लघुप्रबंधाबद्दल वेगळं सांगते कारण घाबरून बरेच जण तिथं सोडतात. माझा विषय पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचा मुलं घरी किती वापर करतात. प्रश्नावली केली, पहिला प्रश्न, 'घरात स्मार्टफोन आहे का?' गाइड सर दुसऱ्या गावचे, भेट दोनदाच झाली, उत्तर यायला महिना महिना लागायचा, पण ती प्रश्नावली परत आली तेव्हा 'घरात' या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल केला होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'घरात की मुलाच्या हातात?' बास, एवढंच. मी प्रश्न बदलला, 'काल फोन तुझ्या हातात किती वाजता आला आणि किती वेळ होता?' चित्रच बदललं. फोन जवळपास सगळ्यांच्या घरात. पण वडील एमआयडीसीत नाहीतर कारखान्यावर, फोन त्यांच्या खिशात, ते घरी येणार रात्री आठ-नऊला, मग आधी मोठा भाऊ, मग पोरगी असेल तर तिचा नंबर सगळ्यात शेवटी. वाडीवर रेंज नाही म्हणून देवळाच्या कट्ट्यावर जावं लागतं आणि रात्री पोरींना तिकडं कोण सोडणार. एका आठवीतल्या मुलीनं लिहिलं होतं, 'फोन मिळतो तेव्हा मला झोप आलेली असते.' तेव्हापासून मी घरी बघायला काही पाठवतच नाही, जे दाखवायचं ते शाळेत, सगळ्यांना एकत्र. आता आम्ही शाळा सुटल्यावर पाऊण तास टीव्ही चालू ठेवतो, पोरी जास्त थांबतात.

पैशाचं आणि नोकरीचं. दोन वर्षांची सगळी फी मिळून माझ्या एका महिन्याच्या पगारापेक्षा कमी, त्यामुळं तिथं तक्रार नाही. जिल्हा परिषदेत असाल तर आधी परवानगी घ्या आणि नंतर सेवापुस्तकात नोंद करून घ्या, वेतनवाढ मिळेल असं समजून करू नका, मला मिळाली नाही. बॅचमधला एक तरुण मुलगा पुण्यात एका कंपनीत इन्स्ट्रक्शनल डिझायनर (कोर्सची आखणी करणारा) म्हणून लागला, पण त्याला डिग्रीपेक्षा त्यानं स्वतः केलेले नमुने दाखवावे लागले, आणि २०२२ नंतर त्या क्षेत्रात किती जणांच्या नोकऱ्या गेल्या ते आपण पेपरात वाचलंच आहे. कंपनीत जायचं असेल तर रेग्युलर कोर्सचा विचार करा, मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात मुलींसाठी शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. संशोधनच करायचं तर आयआयटी मुंबईला या विषयात पीएच.डी. आहे, २०१० पासून, पण ती वाट वेगळी.

माझं म्हणाल तर विषयाला पाचपैकी पाच, पुस्तकांना दोन, परीक्षेला एक, लघुप्रबंधाला साडेचार. ज्याच्या हाताशी रोजचा वर्ग आहे त्यानं डोळे झाकून करावं, वाचलेलं दुसऱ्या दिवशी लगेच करून बघता येतं. नुसती नावापुढं पदवी पाहिजे असेल तर दोन वर्षांचे रविवार घालवू नका, पोराबाळांना द्या.

फॉर्म भरायच्या आधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या साइटवर ते विद्यापीठ आणि नेमका तोच कोर्स त्या वर्षासाठी मान्य आहे का ते बघा, नुसतं विद्यापीठ मान्य असून चालत नाही. आता डीईबी आयडी (त्याच दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक) पण काढावा लागतो, त्यासाठी एबीसी आयडी (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक) लागतो, तो आधी काढून ठेवा, आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव सारखं नसेल तर तिथंच अडकतं, लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनी विशेष लक्ष द्या.

माझी पुस्तकं, शब्दसूचीची वही आणि चार स्वाध्याय कपाटात आहेत. शनिवारी सकाळची शाळा असते त्यामुळं दुपारी दोननंतर मी कोल्हापुरात असते, ज्याला पाहिजे त्यानं येऊन घेऊन जावं, झेरॉक्स काढून परत दिलं तरी चालेल. प्रश्नावलीचा तो पेन्सिलीनं गोल केलेला कागद तेवढा देणार नाही, तो बघायला या.